व्यायाम करताय आणि वजन उतरवायचंय, तर रोज किती कॅलरी खायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना रोज कानावर येणारे हे प्रश्न आहेत. बहुतेकजण माझ्याकडे येतात ते एक आकडा मागायला. तो मी देते, कारण कुठूनतरी सुरुवात करावीच लागते. पण शाळेत गणित सुटलं की आपण ताळा करून बघायचो, तसा या आकड्याचाही ताळा करावा लागतो. तो कसा करायचा हे कुणी नीट सांगत नाही, आणि म्हणूनच मनापासून घाम गाळणारी माणसं महिन्याभरात निराश होऊन सोडून देतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. म्हणून इथे थोडं बैजवार सांगते.

कॅलरी म्हणजे आपण नक्की काय मोजतो?

अन्नातली ऊर्जा. पाकिटावर जी ‘किलोकॅलरी’ लिहिलेली असते, तिलाच आपण बोलताना कॅलरी म्हणतो. पिष्टमय पदार्थ आणि प्रोटीन यांच्या १ ग्रॅममध्ये साधारण ४ कॅलरी असतात, तेला-तुपाच्या १ ग्रॅममध्ये ९ आणि दारूच्या १ ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७. परदेशी पाकिटावर किलोज्यूल दिसले तर त्या आकड्याला ४.१८ ने भागा.

शरीर दिवसभरात कॅलरी खर्च करतं तरी कशावर?

सगळ्यात मोठा खर्च नुसतं जिवंत राहण्याचा. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं यांचं काम आपण झोपलो तरी चालूच असतं. त्याला बीएमआर म्हणतात, आणि बैठं काम करणाऱ्या माणसाचा साठ ते सत्तर टक्के खर्च तिथेच होतो. खाल्लेलं पचवायला साधारण दहा टक्के लागतात. उरलेला खर्च हालचालीचा. त्यात ठरवून केलेला व्यायाम आला आणि न ठरवता होणारी हालचालही आली: जिने, केर काढणं, बाजारातून पिशवी उचलून आणणं, ओट्याशी उभं राहणं. ही दुसरी हालचाल लोक हिशोबात धरतच नाहीत. सकाळी तासभर जिम करून दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसापेक्षा दिवसभर पायांवर असणारी बाई जास्त कॅलरी खर्च करू शकते.

माझा आकडा कसा काढू?

१९९० साली आलेलं मिफ्लिन–सेंट जिओर सूत्र वापरा. १९१९ चं हॅरिस–बेनेडिक्ट सूत्रही अजून चालतं, पण आजच्या माणसांसाठी मिफ्लिनचं जास्त जवळ जातं.

वजन किलोत घ्या, त्याला १० ने गुणा. उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, तिला ६.२५ ने गुणा. दोन्हींची बेरीज करा. वयाला ५ ने गुणून ते त्यातून वजा करा. शेवटी पुरुषांनी ५ मिळवायचे आणि बायकांनी १६१ वजा करायचे. आला तो तुमचा बीएमआर.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. बँकेत काम करणारी, ३८ वर्षांची बाई. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७२ किलो. आठवड्यातून पाच दिवस सकाळी ५ किलोमीटर चालते आणि दोन दिवस चाळीस मिनिटं वजनं उचलते. ७२० अधिक ९८७.५, वजा १९०, वजा १६१. उत्तर आलं सुमारे १३५७.

पुढे १.२, १.३७५, १.५५ असे गुणक असतात. त्यातला कुठला घ्यायचा?

सगळी चूक इथेच होते, म्हणून हे उत्तर सावकाश वाचा.

बीएमआरला या गुणकाने गुणलं की दिवसाचा एकूण खर्च येतो. नेहमीच्या तक्त्यात १.२ म्हणजे बैठं काम आणि व्यायाम नाही, १.३७५ म्हणजे हलका व्यायाम, १.५५ म्हणजे मध्यम, १.७२५ म्हणजे भरपूर. आपण सगळेच स्वतःला एक पायरी वर धरतो. जिमची फी भरली की ‘मध्यम’ वर बोट जातं. आपल्या उदाहरणात १.३७५ धरलं तर दिवसाचा खर्च १८६५ येतो आणि १.५५ धरलं तर २१०३. एका पायरीत जवळजवळ २४० कॅलरींचा फरक पडला, आणि बहुतेकांची वजन उतरवायची सगळी तूट, म्हणजे खर्चापेक्षा जेवढ्या कॅलरी कमी खायच्या त्या, साधारण तेवढीच असते. पायरी चुकली की तूट संपली.

दुसरी चूक याहून मोठी. व्यायाम धरून गुणक घ्यायचा, आणि मग ज्या दिवशी चाललो त्या दिवशी ‘आज १८० जाळल्या’ म्हणून तेवढ्या वर खायच्या. हा एकच व्यायाम दोनदा जमेला धरल्यासारखं झालं. १८६५ च्या आकड्यात तुमचं चालणं आधीच बसलेलं आहे.

मी म्हणून सगळ्यांना साधा रस्ता सांगते. तुमचं काम बैठं असेल तर गुणक १.२ च घ्या आणि व्यायाम वेगळा मोजून मिळवा. इथे १३५७ गुणिले १.२ म्हणजे १६२८. आता चालणं. सपाट रस्त्यावर चालायला, बसून राहिलो असतो तर लागल्या असत्या त्या कॅलरी सोडून, दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण अर्धी कॅलरी लागते. ७२ किलो, ५ किलोमीटर, म्हणजे १८०. पाच दिवसांचे ९००. वजनांच्या व्यायामाचे चाळीस मिनिटांना १२० च्या आसपास धरा, दोन दिवसांचे २४०. एकूण ११४०, भागिले सात, म्हणजे रोजचे १६३. बेरीज झाली १७९१. आपण १८०० म्हणू.

पळणाऱ्यांसाठी दर किलो, दर किलोमीटर सुमारे १ कॅलरी धरा. म्हणजे ८६ किलोचा, १७२ सेंटिमीटर उंचीचा, ४५ वर्षांचा पुरुष आठवड्यातून तीनदा ५ किलोमीटर पळत असेल, तर बीएमआर १७१५, बैठा खर्च २०५८, पळण्याचे रोज सरासरी १८४, एकूण २२४० च्या जवळपास.

दिवसभर उभं राहून किंवा फिरून काम असेल, शिक्षक, नर्स, दुकानदार, शेतात राबणारे, त्यांनी १.२ च्या जागी १.४ पासून सुरुवात करावी.

माझं घड्याळ सांगतं की आज ६०० कॅलरी जळल्या. त्यावर विश्वास ठेवू का?

पावलं आणि नाडीचे ठोके यासाठी ठेवा, कॅलरीसाठी ठेवू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली होती. नाडी बहुतेकांनी नीट मोजली, पण कॅलरीच्या बाबतीत सगळ्यात बरं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं, आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. ट्रेडमिलवरच्या आकड्याचंही तसंच, आणि हाताने दांडी धरून चालत असाल तर तो आणखी फुगलेला असतो. शिवाय यंत्र बहुधा एकूण खर्च दाखवतं, म्हणजे त्या तासात नुसतं बसून लागल्या असत्या त्या कॅलरीही त्यात असतात.

रोज किती कमी खायचं?

माणसाच्या १ किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. (शुद्ध तेलाच्या हिशोबाने ९००० यायला हव्यात, पण शरीरातल्या चरबीत पाणीही असतं.) रोज ३५० ची तूट ठेवली तर आठवड्याला २४५०, म्हणजे साधारण ३०० ग्रॅम. महिन्याला सव्वा-दीड किलो. ऐकायला कमी वाटतं, मला माहीत आहे. समोरच्याचा चेहरा पडतो. पण हे वर्षभर टिकतं, आणि वर्षाचा हिशोब चांगलाच मोठा होतो.

वजन बरंच जास्त असेल तर ५०० ची तूट झेपते. कमी वजनाच्या, कमी उंचीच्या बायकांनी ३०० वर थांबावं. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याहून जास्त उतरू देऊ नका. आपल्या उदाहरणात १८०० मधून ३५० गेले, राहिले १४५०. हा आकडा तिच्या बीएमआरच्या वर आहे, आणि शक्य तोवर तो तसाच राहावा असा माझा आग्रह असतो.

पुढच्या महिन्यात लग्न आहे. ९०० खाल्ल्या तर?

नको. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतील आणि तुम्हाला वाटेल जमलं. त्यातलं बरंचसं पाणी असतं. शरीरातली साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, आपल्यासोबत तिप्पट पाणी धरून ठेवते; ती संपली की पाणीही जातं. पुढे चरबीबरोबर स्नायूही झिजायला लागतात, व्यायामाला दम उरत नाही आणि न ठरवता होणारी हालचाल आपोआप मंदावते. माणूस लिफ्ट घेतो, दुपारी आडवा होतो, पाणी आणायलाही मुलाला पाठवतो.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४–४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. त्यांचा बीएमआर घसरला, सतत थंडी वाजायला लागली, चिडचिड वाढली आणि दिवसभर डोक्यात फक्त खाण्याचे विचार. आपल्या घरातली बाई क्रॅश डाएटच्या तिसऱ्या आठवड्यात मुलांवर ओरडते, तेव्हा तिचा स्वभाव बिघडलेला नसतो. ती उपाशी असते.

बायकांनी १२०० च्या आणि पुरुषांनी १५०० च्या खाली डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जाऊच नये.

फक्त व्यायाम वाढवला, खाणं तेच ठेवलं, तर चालणार नाही का?

फार संथ जातं. ५ किलोमीटर चालायला तासभर लागतो आणि हातात येतात १८० कॅलरी. एका वडापावात ३०० च्या आसपास असतात. तूट ताटातून आणायची. व्यायाम स्नायू टिकवण्यासाठी, साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवण्यासाठी, झोपेसाठी आणि उतरलेलं वजन पुन्हा न चढण्यासाठी. यातल्या एकाही कामाची जागा डाएट घेऊ शकत नाही.

घरचं जेवण मोजायचं कसं? आमच्याकडे कुणी मापून शिजवत नाही.

स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या. आयुष्यभर मोजायचं नाही, तीन-चार आठवडे पुरेत. तेवढ्यात नजर तयार होते.

मी स्वतः पहिल्यांदा काटा आणला तेव्हा आधी भाजलेल्या शेंगदाण्यांची मूठ ठेवून बघितली. संध्याकाळी ओट्याशी उभ्या-उभ्या खाल्ली जाते तीच मूठ. मी मनात १५ ग्रॅम धरत आले होते. काट्यावर ४२ आले. १०० ग्रॅम शेंगदाण्यात ५६० च्या वर कॅलरी, म्हणजे माझी ‘जराशी’ मूठ २३५ ची होती. भाकरी आणि कालवण मी वर्षभर काटेकोर मोजत होते आणि मूठ मात्र सुटून जात होती.

धान्य नेहमी कोरडं मोजा. भात किती फुगला, भाकरीत पाणी किती, याच्या नादी लागू नका. पीठ आणि तांदूळ १०० ग्रॅमला साधारण ३४० ते ३५० कॅलरी. तीस ग्रॅम कणकेचा कोरडा फुलका १०० चा. चाळीस ग्रॅम कणकेची, आत तेल लावून घडी घातलेली आणि वरून तेल सोडून भाजलेली पोळी पावणेदोनशेची. घरात दोन्हींना ‘पोळी’च म्हणतात, म्हणून ‘मी फक्त दोन पोळ्या खाते’ या वाक्यावरून मला काहीच कळत नाही. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी २०५ च्या आसपास. पन्नास ग्रॅम तांदळाचा भात, म्हणजे साधारण एक वाटी, १७५.

आता तेल. फोडणीत किती पडलं हे रोज मोजणं कुणालाच जमत नाही, तर महिन्याचं मोजा. तेलाची एक लिटरची पिशवी म्हणजे ९१० ग्रॅम तेल. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन पिशव्या लागत असतील, तर माणशी रोज सुमारे २३ ग्रॅम, म्हणजे २०५ कॅलरी. पाच पिशव्या लागत असतील तर ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी. किराण्याच्या यादीतल्या या दोन पिशव्यांनी घरातल्या प्रत्येकाच्या खात्यात रोजच्या १३५ कॅलरींचा फरक पडतो, आणि ताटातला एकही पदार्थ कमी झालेला नसतो. तूप, दाण्याचा कूट आणि खोबरं वेगळं. माझा सगळ्यांना हाच सल्ला असतो: आधी किराण्याची यादी आणा, मग पोळ्या मोजू.

चहाही धरा. एका चमच्यात ५ ग्रॅम साखर, २० कॅलरी. म्हशीच्या घट्ट दुधाचा, दोन चमचे साखरेचा कप ९०–१०० पर्यंत जातो. दिवसाला चार कप म्हणजे एक जेवण.

१४५० मध्ये दिवसभर पोट भरेल का?

भरतं. आपल्या उदाहरणातल्या बाईचा एक दिवस बघा. सकाळी एक चमचा साखरेचा चहा, ५०. चालून आल्यावर दोन अंड्यांची भुर्जी आणि एक फुलका, २७०. डब्यात एक भाकरी, चमचाभर तेलातली मटकीची उसळ, दह्यातली काकडीची कोशिंबीर आणि पेलाभर पातळ ताक, ४६५. पाच वाजता तीस ग्रॅम फुटाणे आणि चहा, १६०. मध्येच एक पेरू, ८०. रात्री दोन फुलके, पालेभाजी, वाटीभर वरण, ४०५. बेरीज १४३०. यात डाएटचं म्हणून विकत आणलेलं काही नाही. सगळं मंडईतलं आणि डब्यातलं आहे.

प्रोटीन किती लागतं? पावडर घ्यावी का?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था निरोगी प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम सांगतात. कमी खात असताना आणि व्यायाम करत असताना स्नायू टिकवायचे तर १.२ ते १.६ धरा. वजन बरंच जास्त असेल तर आजच्या वजनाऐवजी जिथे पोचायचंय त्या वजनावर हिशोब करा. ६२ किलोचं लक्ष्य असेल तर ७५ ते १०० ग्रॅम.

वर सांगितलेल्या दिवसात ५५ ग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे कमीच पडतं. हे मी मुद्दाम दाखवलं, कारण चांगल्या मराठी जेवणातही हीच उणीव असते. वाटीभर पातळ वरणात ३० ग्रॅम डाळ असते आणि तिचं प्रोटीन ७ ग्रॅम. २५ ग्रॅम सोया चंक्समध्ये मात्र १३. भाजीत चंक्स घाला, संध्याकाळी ५०-६० ग्रॅम पनीर खा, एक फुलका कमी करून दही वाढवा, मासे-चिकन खाणाऱ्यांनी तळण्याऐवजी रश्श्यात खावं. एवढं करूनही जमत नसेल तर पावडर घ्यायला हरकत नाही. ती दुधातलंच प्रोटीन आहे, औषध नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

उपवासाच्या दिवशी तरी कॅलरी कमी होतात ना?

एका बशी साबुदाणा खिचडीचा हिशोब मांडू. ७५ ग्रॅम साबुदाणा २६५, २५ ग्रॅम दाण्याचा कूट १४०, दोन चमचे तूप ८०, थोडा बटाटा ४०. झाले ५२५, आणि प्रोटीन जेमतेम सात-आठ ग्रॅम. एकादशीला आणि चतुर्थीला उपवास श्रद्धेने करा, वजनासाठी करू नका. वरीचे तांदूळ, राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, फळं, रताळं असं केलंत तर दोन्ही साधतं.

सणांचं म्हणाल तर गणपतीत उकडीचा मोदक खा. घरच्या मापाचा एक मोदक २०० च्या आसपास, वर तूप वेगळं. दोन मोदक खाऊन रात्री साधं वरण आणि भाजी घेतली की दिवस जागेवर येतो. तूट आठवड्याची बघा. एका दिवसाने कुणाचंच वजन वाढत नाही, पण ‘आता बिघडलंच आहे तर’ म्हणून पुढचे दहा दिवस सोडून दिल्याने मात्र वाढतं.

महिना झाला, सगळं काटेकोर करतेय, तरी वजन हवं तसं उतरत नाही. चुकतंय कुठे?

हाच तो ताळा. सूत्राने दिलेला आकडा तुमच्यासारख्या अनेकांची सरासरी असतो. तुमचं शरीर त्याहून शे-दोनशे इकडे-तिकडे असू शकतं.

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि वहीत लिहा. एकेका दिवसाच्या आकड्याकडे बघूच नका; रात्री लोणचं-पापड खाल्लं तरी सकाळी किलोभर वर दिसतं. आठवड्याची सरासरी काढा. मग पहिल्या आणि चौथ्या आठवड्याची सरासरी शेजारी ठेवा. मध्ये २१ दिवस जातात.

समजा पहिली सरासरी ७१.८ आणि चौथी ७१.२. उतरले ६०० ग्रॅम. ०.६ गुणिले ७७०० म्हणजे ४६२०, भागिले २१, रोजची खरी तूट २२०. तुमच्या वहीप्रमाणे तुम्ही १४५० खात होता. मग तुमचा खरा खर्च १६७०, सूत्राने सांगितलेला १८०० नव्हे. हा तुमचा स्वतःचा आकडा, आणि तो कुठल्याही सूत्रापेक्षा जास्त खरा आहे.

आता दोन शक्यता. एक तर शरीर खरोखर कमी खर्च करतंय, किंवा वहीत काहीतरी लिहायचं राहतंय. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये काही लोकांची तपासणी झाली होती. ‘१२०० पेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही’ असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचा खर्च अगदी सामान्य निघाला. मात्र ते खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त. ते खोटं बोलत नव्हते. मुलाच्या ताटातली उरलेली अर्धी पोळी, चव बघायला घेतलेला शिरा, ऑफिसातला वाढदिवसाचा केक हे जेवण म्हणून आपल्या लक्षात राहतच नाही. माझी शेंगदाण्यांची मूठ राहिली होती तशीच.

म्हणून आधी एक आठवडा तोंडात गेलेलं सगळं, खाण्याआधी लिहा. काही सापडलं तर तेच दुरुस्त करा. काहीच सापडलं नाही तर रोजच्या १०० कॅलरी कमी करा किंवा दोन किलोमीटर चालणं वाढवा, आणि पुन्हा चार आठवडे थांबा. उलट आठवड्याला सातशे-आठशे ग्रॅम उतरत असेल आणि जिने चढताना पाय गळत असतील, तर १५० वाढवा. वाढवायलाही तितकीच हिंमत लागते.

पाळी येणाऱ्या बायकांनी वजनाची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करावी. पाळीच्या आधी अंगात पाणी साठून किलो-दीड किलो सहज वाढतं. नव्याने वजनं उचलायला सुरुवात केली असेल तरी स्नायू पाणी धरतात. अशा वेळी काट्याबरोबर कमरेला टेप लावा.

व्यायामाच्या दिवशी जास्त आणि सुट्टीच्या दिवशी कमी खावं का?

आवडत असेल तर खा, आठवड्याची बेरीज तेवढीच ठेवा. मोठी धाव किंवा रविवारचा सिंहगड असेल त्या दिवशी दीडशे-दोनशे वाढवून आदल्या-नंतरच्या दिवसातून काढलेलं बरं. ज्यांना हिशोबाचा त्रास होतो त्यांनी रोज एकच आकडा ठेवावा.

माझं वजन नॉर्मलमध्ये आहे, फक्त पोट सुटलंय. मलाही हे लागू पडतं का?

तुम्हाला कदाचित जास्तच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं शेजारी-शेजारी उभं असलेलं छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२. हातापायांनी बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात चरबी असू शकते, हे त्या एका चित्राने जगाला दाखवलं. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, आणि कंबर पुरुषांची ९० व बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं सांगतात.

अशांनी मोठी तूट ठेवूच नये. २०० पुरे. प्रोटीन वाढवा आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनं उचला. काटा फारसा हलणार नाही, पण पट्ट्याचं भोक बदलेल.

थायरॉईड किंवा पीसीओडी असेल तर सगळा हिशोब वेगळा असतो का?

थायरॉईडची गोळी नियमित आणि टीएसएच (रक्ततपासणीतला थायरॉईडचा आकडा) जागेवर असेल तर सूत्र तेच. पीसीओडीत भूक आणि इन्सुलिनचा त्रास खरा असतो, त्यामुळे प्रोटीन आणि वजनांचा व्यायाम जास्त महत्त्वाचा. पण चार आठवड्यांचा ताळा तुमच्यासाठीही तसाच चालतो.

कुणी हा हिशोब स्वतःच्या मनाने करू नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आया. अठराच्या आतली मुलं-मुली. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेणारे, कारण खाणं कमी, व्यायाम जास्त आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर एकदम उतरते. आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या आणि फिरायला जाताना खिशात साखर ठेवा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणारे. आणि ज्यांनी पूर्वी स्वतःला उपाशी ठेवण्याचा किंवा खाऊन ओकून टाकण्याचा त्रास भोगला आहे ते. त्यांच्यासाठी आकडे मोजणंच घातक ठरू शकतं. कृपया एकट्याने सुरू करू नका.

हवं तेवढं वजन उतरलं. आता पुन्हा पहिल्यासारखं खाऊ का?

पहिल्यासारखं खाल्लं तर पहिल्यासारखंच वजन येईल, कारण लहान झालेल्या शरीराचा खर्चही लहान होतो. आपल्या उदाहरणातली बाई वर्षाने ६३ किलोवर आली असं धरा. आता वय ३९, बीएमआर १२६२, बैठा खर्च १५१४, आणि हलक्या शरीराने तेवढंच चालायला लागतात कमी कॅलरी, त्यामुळे व्यायामाचे रोजचे १४० च. एकूण १६५० च्या आसपास. म्हणजे तिच्या १४५० वर रोजच्या २०० वाढवायच्या. एकदम नको, पहिले दोन आठवडे १००, मग वहीतली सरासरी बघून पुढचे १००. दोनशे कॅलरी म्हणजे साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी. तिला मी सांगेन की ती रात्रीच्या ताटात घे, आणि सोमवारी सकाळचं वजन लिहिणं चालू ठेव.